सुभानजी वस्तादांच्या दमाची हकीकत

श्रीमारुतीरायाचे चरणी माथा ठेवून, ज्याने अंगी बळ घातले त्यानेच दमही पुरवावा ऐसे मागून, ऐकिली तैसी हकीकत लिहितो. शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरे, माघमासी, एका राज्यात, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, सुभानजी वस्ताद नामे मल्ल राजतालमीचे धनी होते. वय पन्नास, छाती कोठाराच्या दाराएवढी, आणि मिजास त्याहून रुंद. तालमीचा शिरस्ता एकच, दोनशे जोर आणि चारशे बैठका, मग तो महाराज असो की माहूत, म्हातारा असो की नुकता तापातून उठलेला. कोणी कुरकुर केली तर वस्ताद म्हणत, "मारुतीने काय वैद्यास पुसून उडी घेतली?" आणि रोज पहाटे महाराज जोर काढीत आणि वस्ताद शेजारी उभे राहून मोजीत, आणि महाराजांशेजारची ती दोन हात माती हेच वस्तादांचे खरे वतन होते.

मग काय जाहले, महाराज विषमज्वराने पडिले, एकवीस दिवस अंथरुणास खिळले, आणि उठले ते छातीत धडधड घेऊन उठले, आणि तालमीत येऊन वीस जोर काढितात न काढितात तो डोळ्यांपुढे अंधेरी आली. तेव्हां मातुश्रींनी कोकणातून सगुणाबाई नामे वैदीण आणविली. बाई साठीची, अंगाने चिपाड. तिने नाडी पाहिली, महाराजांस चार पावले चालविले, आणि अर्ज केला की, "महाराजांनी रोज तटावरून फेरी घालावी. बोलता येईल इतके भरभर चालावे. बोलताना धाप लागली तर पाऊल आवरावे, आणि गाणे म्हणता आले तर पाऊल उचलावे." मग मातुश्रींचे गुडघे धरले होते, त्यांस तळ्यात कमरेइतक्या पाण्यात चालविले, आणि सबनीसांस मधुमेह, त्यांस जेवणावर फेऱ्या आणि पाटावरून हात न टेकता उठणे नेमून दिले, आणि एका स्वाराचा हात जखमेने लुळा पडला होता, त्यास कणकेचा गोळा मळावयास दिला. "ज्याचे जैसे दुखणे, त्याची तैसी मेहनत," ऐसे ती म्हणे, आणि सारा दरबार उठता बसता तिचे नाव घेऊ लागला.

वस्तादांच्या अंगाचा तिळपापड जाहला. तालमीच्या दारात उभे राहून पाहत, तो तटावर महाराज आणि ती म्हातारी बोलत चाललेली, आणि महाराज हसताहेत. तालमीत वीस वर्षांत महाराज एकदा हसले नव्हते. वस्तादांस अन्न गोड लागेना. बाईने त्यांचे काही नेले नव्हते, एक महाराज तेवढे नेले होते. एके दिवशी न राहवून वस्ताद तिला बोलिले, "चालणे ही काय मेहनत, बाई? गाढवे जन्मभर चालतात, त्यांचा कोणी मल्ल जाहला काय?" बाई म्हणाली, "नाही जाहला. पण त्यांस धापही लागत नाही, वस्ताद."

मग वस्तादांनी मनसुबा केला आणि महाराजांचे कानी घातले की, बाईमाणसाने तटावर हिंडावे हे दरबारास शोभत नाही, सोबतीस हा सेवक हजर आहे. महाराजांनी मान्य केले. सगुणाबाई वस्तादांस म्हणाली, "तालीम सुटल्यावर आपण खांबास टेकून उभे राहता, ते मी रोज पाहते. जपून जावे." वस्ताद मनात म्हणाले, आता ही आम्हांवर जळते, आणि त्या दिवशी प्रथमच भाकरी दोन घास जास्त खाल्ली.

दुसरे दिवशी निघाले. पहिल्या बुरुजापर्यंत वस्तादांनी आपल्या जुन्या कुस्तीची कथा मोठ्या रंगात आणिली. दुसऱ्या बुरुजाशी कथा आखडली, आणि तिसऱ्याशी नुसते "होय महाराज" उरले, मग तेही राहिले आणि मान तेवढी हले. खरे सांगावे तर दोन वर्षे वस्ताद स्वतः जोर काढीत नव्हते, केवळ मोजीत होते. महाराजांनी पुसले, "वस्ताद, मग तो गडी चीत जाहला की नाही?" उत्तराऐवजी नुसती धाप ऐकू आली. महाराजांनी एकवार वळून पाहिले आणि पाऊल लहान केले. आणि थोड्या वेळाने, सहज चालता चालता, महाराज मोकळ्या गळ्याने पोवाडा गाऊ लागले.

वस्तादांचे पाय जागीच थांबले. बाईचा नेम त्यांस शत्रूच्या डावासारखा पाठ होता. महाराज आपली मेहनत टाकून, दुखती छाती तशीच ठेवून, चाकराच्या दमासाठी हळू चालले होते. वीस वर्षे महाराजांची जी माया मनात मागितली ती मिळाली होती, आणि ती घेववेना. वस्ताद धाप आवरून म्हणाले, "महाराज, उद्यापासून बाईंसच घेऊन जावे. माझ्याने होत नाही." महाराज म्हणाले, "वस्ताद, आम्हांस घाई नाही." वस्ताद म्हणाले, "राज्यास आहे."

मग ते तडक सगुणाबाईच्या ओसरीवर गेले. तिने सबनीसांशेजारी पाट मांडिला आणि दहा वेळा उठण्यास सांगितले. वस्ताद मोजीत उठले, सातव्यास घामाघूम जाहले, आणि म्हणाले, "सबनीसांस वीस, आणि आम्हांस दहाच का?" बाई म्हणाली, "सबनीसांचे चित्त पाटावर असते, ते बसल्या जागी तटाकडे पाहत जळत नाहीत."

पुढे वैशाखात महाराज दोन फेऱ्या सहज घालू लागले आणि त्यांनी वस्तादांस पुन्हा सोबतीस बोलाविले. वस्तादांनी आधी बाईस पुसले. बाई म्हणाली, "अजून नाही." वस्ताद "बरे" म्हणाले आणि जळत जळत पाटावर जाऊन बसले.

एवंच, महाराजांस छाती मिळाली, राज्यास महाराज मिळाले, आणि वस्तादांस हेवा जन्मभर पुरला. परंतु तो त्यांनी आपल्या अंगावर घेतला, धन्याच्या अंगावर जाऊ दिला नाही. इतके लिहून हात आवरिला.