लाईनीतल्या वच्छलाबाई

आमच्या शेजारच्या वच्छलाबाईंना लांब रांग दिसली की आनंद होतो. राशन दुकानात बायकांची रांग वेगळी असते आणि छोटीही. बाई मात्र पुरुषांच्या रांगेत जाऊन उभ्या राहतात. एकदा दुकानदाराने हटकलं, तर म्हणाल्या, "तिकडची लाईन लवकर सरते न भाऊ!"

चंद्रपुरात रांगांना तोटा नाही. बँक, आधार, एसटीचा पास; बाई सगळीकडे लग्नाला आल्यासारख्या येतात. इस्त्रीची साडी, केसात अबोली, पिशवीत उकडलेल्या शेंगा. जरा वेळात पुढच्याची सोयरीक कुठे जमली आणि मागच्याचा कोणता गुडघा दुखतो, सगळं त्यांना ठाऊक. कोणी वैतागलं की म्हणणार, "उभं तं राहाच लागते न? मंग पाहुण्यावानी उभं राहा. कैद्यावानी काऊन?"

मला हा निव्वळ वेडेपणा वाटायचा. मी रांगेत सारखा घड्याळ बघणारा माणूस.

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या बायकोच्या, सुजाताच्या, छातीत गाठ निघाली. सरकारी दवाखान्यात तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट आणायच्या दिवशी ती म्हणाली, "माझ्यानं नाई होत. तुम्हीच जा." मी स्कूटर काढली, तर फाटकात वच्छलाबाई पिशवीसकट तयार.

"लाईन असन न तिथी?"

नको म्हणायचंही त्राण माझ्यात नव्हतं.

दवाखान्यात रिपोर्टची खिडकी बंद होती आणि रांग पार पायऱ्यांपर्यंत आली होती. खिडकी उघडली तसा मी परतणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा वाचू लागलो. एक माणूस कागद घेऊन आला आणि पायरीवर मटकन बसला. मी तोंड फिरवलं.

"बाई, मले पाहवत नाई."

त्यांनी माझ्या ओंजळीत शेंगा टाकल्या. "सोला. हाताले काम द्या. अन् सांगा, सुजाताले पाहाले गेलते तवा काय झालं होतं?"

मी सांगू लागलो. घाबरून मीच चहा सांडला होता, तोही सासऱ्यांच्या पांढऱ्या धोतरावर. मागचा माणूस खो खो हसला आणि त्याने स्वतःच्या लग्नातली फजिती सांगितली. क्षणभर मी कुठे उभा आहे तेच विसरलो. मग रांग पुढे सरकली आणि मी पुन्हा घड्याळ बघितलं.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बाई, तुमाले खरंच आवडते का हे?"

"आंधी नाई आवडे. आमचे हे गेले, तवा पेन्शनच्या लाईनीत मी रडत उभी राहो. एक दिवस मागची बाई म्हणे, ताई, सकाळपासून काई खाल्लं का? ना ओळख, ना पाळख." त्यांनी एक शेंग सोलली. "पोरगी पुण्याले. घरी असं इचारणारं कोणी नाई उरलं भाऊ. मंग म्हटलं, जाच लागते तं आपणच दुसऱ्याले इचाराव."

माझा नंबर आला. कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो सावकाश वाचला.

"साधी गाठ आहे. कॅन्सर नाही."

बाहेर येऊन मी भिंतीला टेकलो. सुजाताला फोन लावला. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं. बाई पदराने डोळे पुसत होत्या.

मी त्यांना स्कूटरवरून घरी आणलं. फाटकाशी उतरल्या, साडी नीट केली.

"लय चांगलं झालं. आता पुन्हा नाई न जा लागत तिथी?"

"नाही."

"हो न. चांगलंच हाय ते."

मग त्या पिशवीत किल्ली शोधू लागल्या. किल्ली काही लवकर सापडेना. त्यांच्या घराच्या खिडक्या सगळ्या बंद होत्या.

विजेचं बिल मी कालच फोनवरून भरलं होतं.

"वच्छलाबाई," मी म्हणालो, "उद्या लाईटबिल भराले जातो. खिडकीवर लय गर्दी असते म्हणतात. येता का?"