आर्विडने छपरावरून पाहिलेला कार्यक्रम

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला आर्विड नीक्विस्टच्या बैठकीच्या खोलीत एकवीस माणसं दाटीवाटीने बसली होती आणि टीव्हीवर चित्राऐवजी नुसता पांढऱ्या ठिपक्यांचा बर्फ पडत होता.

"बर्फच बघायचा तर मार्चमध्ये खिडकीत बसून फुकट दिसत होता," शेजारच्या क्रेब्सबाई म्हणाल्या.

आर्विडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिनेसोटातल्या त्या गावात त्यांच्या गल्लीतला हा पहिलाच टीव्ही. बुधवारच्या कार्यक्रमाचं त्यानेच सगळ्यांना आमंत्रण दिलेलं. कधी कार्टून, कधी रानातली जनावरं, कधी साहसाची गोष्ट. आज काय निघेल याचा नेम नाही, ही तर त्याची खरी गंमत! त्याने परसातून शिडी आणली आणि तो छपरावर चढला.

खालून त्याची बायको व्हर्ना ओरडली, "डावीकडे! आणखी! अरे, गेलं! परत फिरव!"

शेवटी वैतागून आर्विडने अँटेनाचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि खालून टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने हात काढला. खालून एकवीस सुस्कारे आले. पट्ट्याने बांधून पाहिलं, मफलरने बांधून पाहिलं. अँटेनाला आर्विडच हवा होता.

"सोडू नकोस!" व्हर्ना ओरडली. "तू धरलंस की चित्र आरशासारखं दिसतंय!"

"म्हणजे तासभर मी इथेच उभा राहू?"

"तास कुठला? पंचावन्नच मिनिटं राहिलीत!"

तेवढ्यात क्रेब्स उशिरा आला. वाटेत उभी शिडी पाहून, कुणीतरी अंधारात धडपडेल या सद्भावनेने त्याने ती नेऊन शेडमध्ये ठेवली आणि आत जाऊन आर्विडच्याच खुर्चीत बसला.

वारा बोचरा होता. पायाखाली आख्खी गल्ली खिदळत होती, आणि टीव्ही आणणारा तेवढा धुराड्याशेजारी बगळ्यासारखा उभा. इतक्यात हातभर अंतरावरची माळ्याची खिडकी उघडली. आर्विडची सासू हुल्डा बाहेर डोकावली.

म्हातारा गेला, शेत विकलं, तेव्हा शरद ऋतूत ती इथे राहायला आली होती. गुडघे धरलेले, म्हणून जेवणसुद्धा वरच जायचं. सहा महिन्यांत जावयाशी तिचं बोलणं 'हो', 'नको' आणि 'मीठ' यापलीकडे गेलं नव्हतं.

"आर्विड, घराला दार असताना तू छपरावर काय करतोयस?"

आर्विडने सगळं सांगितलं. "एवढ्या हौसेनं आणला, आई. सगळे बघतायत. मीच तेवढा नाही."

हुल्डा आत गेली. गोधडी आणून तिने त्याच्या खांद्यावर टाकली. त्याचे हात अडकलेले, म्हणून कॉफीचा कप स्वतःच त्याच्या ओठांना लावला. मग मान वळवून म्हणाली, "माझ्या दारातून जिन्याखाली टीव्हीचा पडदा दिसतो. सांगू तुला, काय चाललंय ते?"

"सांगा ना!"

"नदी आहे. थिजलेली. काठावर अस्वलीण आणि तिचं पिल्लू."

खाली हशा पिकला.

"काय झालं?"

हुल्डा क्षणभर थांबली. "पिल्लू बर्फावरून घसरलं. थेट आईच्या पोटावर."

आर्विडही हसला. हुल्डा सांगत गेली: कोवळं ऊन, बर्फाखालून वाहणारं निळं पाणी, पिल्लाच्या कानाला लागलेली माती. खाली एकाएकी सगळं चिडीचूप झालं.

"आता गप्प का झाले?"

"बर्फ फुटला. पिल्लू पलीकडच्या तुकड्यावर राहिलंय. तुकडा वाहत चाललाय."

आर्विडने दांडा आवळला. "मग? आई, मग?"

"जरा दम धर! त्यांना दाखवू तरी दे."

दोघंही खालच्या खोलीकडे कान लावून राहिली. मग खालून टाळ्या आल्या.

"पोचलं," हुल्डा म्हणाली. "आईपाशी पोचलं."

आर्विडने गोधडीच्या टोकाला डोळे पुसले.

कार्यक्रम संपल्यावर क्रेब्सने हजार वेळा माफी मागत शिडी आणून लावली. आर्विड उतरला तो बोलतच. "ते पिल्लू वाहत चाललं ना, तेव्हा दांडा माझ्या हातात मोडायचाच बाकी होता!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"कुठलं पिल्लू, बाबा?" त्याची सात वर्षांची आर्डिस म्हणाली. "आज तर बेडकांच्या सर्कशीचं कार्टून होतं. एक बेडूक तारेवरून पडता पडता वाचतो!"

आर्विड जिन्यापाशी गेला आणि त्याने वर पाहिलं. हुल्डाच्या दारातून खाली दिसण्यासारखं काही असेल, तर ते म्हणजे खुंटीवरचे कोट.

व्हर्ना मागे येऊन हळूच म्हणाली, "आईने तुला अस्वलाची गोष्ट सांगितली? मला ताप आला की सांगायची. बाबा गेल्यापासून एकदाही तिने..." ती कप गोळा करायला लागली.

आर्विड केकची बशी घेऊन वर गेला. "आई, तुमचे फार उपकार झाले. नाहीतर माझा कार्यक्रम बुडालाच होता."

"तुला नीट दिसलं ना?" हुल्डाने विचारलं.

"अगदी स्वच्छ," आर्विड म्हणाला.

शनिवारी मिस्त्री आला. एक स्क्रू बदलून त्याने अँटेना अशी बसवली, की वादळातही चित्र हलू नये. बुधवारी गल्ली पुन्हा जमली. क्रेब्सने या खेपेला मोठ्या मनाने आर्विडची खुर्ची आर्विडसाठी राखून ठेवली. पण आर्विड मफलर गुंडाळून परसात शिडी लावत होता.

"अरे, दुरुस्त झालंय ना ते?" क्रेब्स ओरडला.

"मिस्त्र्याचा काय भरवसा?" म्हणत आर्विड चढला. त्याच्यामागून आर्डिसही चढली. तिलाही म्हणे दांडा धरायचा होता.

माळ्याची खिडकी आधीच उघडी होती.

"उशीर केलात," हुल्डा म्हणाली. "केव्हाच सुरू झालंय."