शेवटच्या आधीची बोट

शनिवार, १४ ऑगस्ट २००४. सकाळचे साडेनऊ. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एक बोटीचा धक्का. हजर सहा : मी, नवरा विलास, मुलगी मीरा, वय पंधरा, मूळचे नागपूरचे, हल्ली न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेचे देशमुख, देशमुखवहिनी, आणि वेस्ट विंडसरमधले आमचे शेजारी परचुरेकाका, वय सदुसष्ट. बोट दहाची होती. काका पावणेनऊपासून धक्क्यावर उभे होते आणि तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंकडून परतीच्या बोटी तपासून घेत होते.

"साडेअकरा, साडेतीन आणि पाच," काका मला म्हणाले. "आपली साडेतीनची. लिहून घे, वर्षा."

मी न्यू जर्सीतच लिहून घेतलं होतं. बारा वर्षांचा शेजार. परचुरेकाका शेवटच्या गाडीने जात नाहीत, हे मला पाठ होतं. गाडी, बस, विमान, बोट, काहीही असो, त्यांची नेहमी शेवटच्या आधीची. "शेवटची गाडी ही गाडी नसते," ते सांगत. "ती आशा असते. आधीची रद्द झाली तर मागे एक आहे. शेवटची रद्द झाली तर माणूसच रद्द."

हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. काका पुलांची गणितं करता करता निवृत्त झाले. "दहा टनांचा ट्रक जाणार म्हणून कुणी दहा टनांचा पूल बांधत नाही," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. "मार्जिन ठेवतो. मग स्वतःच्या आयुष्यातच का ठेवू नये?" प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या पार्किंगमध्ये ओळीने शंभर गाड्या नाक आत करून उभ्या असतात, बाहेर तोंड केलेली निळी गाडी दिसली की ती काकांची.

वाहनांपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. पण काकांच्या मते पार्टीलाही टाइमटेबल असतं आणि सगळे एकदम उठतात ती तिथली शेवटची गाडी. त्यामुळे ते गोडाच्या आधी उठत. त्यासाठी गाडीच्या कप्प्यात एक छोटा स्टीलचा डबा असे. आमच्याकडे गणपतीत मोदक पातेल्यातून ताटात पडायच्या आत दोन त्या डब्यात जात आणि काका बूट घालायला लागत. मालतीकाकू त्यांच्या मागून निघत. दारात वळून त्या माझ्याकडे बघून एक डोळा मिटायच्या. म्हणजे, उद्या येते.

दुसऱ्या दिवशी त्या खरंच यायच्या, उरलेल्या गप्पा ऐकायला. मराठी मंडळाचं नाटक झालं की मग तर हमखास. तिसरा अंक सुरू झाला की काका उठलेच. पार्किंगमधून पहिली बाहेर पडणारी गाडी त्यांची. एकदा खुनाचं नाटक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काकूंचा फोन, "वर्षा, कोण निघाला गं?" मी सांगितलं, डॉक्टर. पलीकडे काकांना ओरडून सांगणं ऐकू आलं, "अहो, डॉक्टर!" आणि काकांचा आवाज, "मला दुसऱ्या अंकातच कळलं होतं."

"पंचवीस वर्षांत एक नाटक पूर्ण पाहिलं नाही मी," काकू माझ्या ओट्याला टेकून म्हणाल्या होत्या. तक्रार नव्हती त्यात. हसत होत्या.

मालतीकाकू २००२ च्या फेब्रुवारीत गेल्या. चार महिने न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमध्ये त्यांचे उपचार चालले. काका रोज सकाळी रेल्वेने जात, संध्याकाळी परत येत. त्यानंतरची दोन वर्षं काका स्टेशनकडे फिरकले नाहीत. निळी गाडी दारातच उभी असे, अर्थात बाहेर तोंड करून.

आम्ही आयर्लंडचं ठरवतोय हे मीराने त्यांना सांगितलं असावं. एका रविवारी ते आमच्याकडे आले. हातात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं कॅलेंडरचं एक पान होतं. करड्या दगडांचं एक बेट, दगडांच्याच भिंती, एकही झाड नाही, खाली फुटणाऱ्या लाटा.

"हे तुमच्या वाटेवर येतं का?" त्यांनी विचारलं.

काकूंच्या उपचारांच्या खोलीत हे कॅलेंडर होतं. तिथल्या मॉरीन नावाच्या नर्सने लावलेलं. तिची आजी या बेटावरची. हाताला नळी लावून काकू तासन्‌तास ते बघत बसायच्या. म्हणाल्या होत्या, बरी झाले की इथे जाऊ, बोटीने. काका म्हणाले होते, जाऊ, पण परतीच्या बोटी बघून. आणि खरंच त्यांनी वेळापत्रक मागवलं होतं. त्याच्या घड्या आता विरत आल्या होत्या.

विलासने नकाशा बघितला. बेट आमच्या वाटेवर नव्हतं. मी प्रवासाच्या यादीत वाट बदलली.

तर त्या शनिवारी दहाची बोट निघाली. समुद्र खवळलेला होता. देशमुख पहिल्या दहा मिनिटांत हिरवेपिवळे झाले.

"अहो, आमच्याकडे एवढासा तलाव आहे," ते कठड्याला धरून म्हणाले. "तेवढं पाणी पुष्कळ होते जी माणसाला."

"लांब बघा, देशमुख, क्षितिजाकडे," काकांनी त्यांच्या हातावर आवळासुपारी ठेवली. "पायांकडे बघाल तर गेलात."

"क्षितिजच तर हलून राहिलं ना, काका!"

देशमुखवहिनी पदराआड हसत होत्या. काकाही हसले. दोन वर्षांत मी प्रथमच त्यांना हसताना बघत होते.

बेटावर उतरताना बोटीच्या कप्तानाने सगळ्यांना बजावलं, वारा वाढतोय, पाचची बोट येईल याची खात्री देता येत नाही, शक्यतो साडेतीनची धरा. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू चाळीस वर्षांचा खटला ते आत्ताच जिंकले होते.

चालायला लागलो. दगड, दगडांच्या भिंती, मधेच एखादी गाय, आणि कानात वारा. देशमुख म्हणाले, "एवढ्या दगडांत एक चहाची टपरी नाही?" काका एका हातात पान धरून पुढे. थांबायचे, पान समोर धरायचे, मान हलवायचे, पुन्हा पुढे. साडेबाराला ते एका कड्यावर थांबले. छप्पर उडालेली दगडी झोपडी, पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भिंत, खाली लाटा. पान आणि समोरचं, एकच.

"हेच," ते म्हणाले आणि एका दगडावर बसले.

आम्ही तिथेच जेवलो. मी आणलेल्या दशम्या, वहिनींची शेंगदाण्याची चटणी. वाऱ्याने कागदी बशा उडायच्या म्हणून प्रत्येकाच्या बशीत एक दगड. काकांनी पान भिंतीला टेकवून ठेवलं आणि त्यावरही एक दगड ठेवला. जेवले थोडं.

पावणेतीनला मी उठले. धक्क्यापर्यंत पस्तीस मिनिटं, वर दहाचं मार्जिन. हे मार्जिन काकांनीच ठरवून दिलेलं होतं.

"चला, काका."

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी पाचच्या बोटीने येतो."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. देशमुखांनी तोंडातली सुपारी चघळायची थांबवली.

"काका," विलास म्हणाला, "शेवटच्या आधीची आपली ना?"

"आज नको."

"पण पाचची आलीच नाही तर?"

"तेच बघायचंय मला."

मीरा माझ्या कानाशी आली. "मॉम, ही इज नॉट गोइंग टु मूव्ह. समवन हॅज टु स्टे." मीच राहायचं ठरवलं. चौघांना पाठवलं, जॅकेट, पाण्याची बाटली आणि उरलेल्या दोन दशम्या ठेवून घेतल्या. यादीत लिहिलं : ३.३० - चार. ५.०० - दोन.

कड्यावरून साडेतीनची बोट जाताना दिसली. छोटी झाली, मग दिसेनाशी झाली. काका तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. पुलाचं गणित समजावावं तसं, टप्प्याटप्प्याने.

"त्या दिवशी बर्फ होता. संध्याकाळच्या गाड्या कमी केल्या होत्या. शेवटची सव्वासातची. त्याआधीची पाच पन्नासची. मॉरीन मला म्हणाली, मिस्टर परचुरे, आज थांबा. मालती झोपली होती. मी म्हटलं, बर्फ आहे, शेवटचीवर भरवसा नाही. पाच पन्नासची धरली."

मी दशम्यांवरचा कागद पुन्हा घट्ट गुंडाळला.

"साडेसहाला गेली. मॉरीन होती जवळ. मी घरी आलो तर आन्सरिंग मशीनचा दिवा लागत-विझत होता." त्यांनी मनगटावरचं घड्याळ सरळ केलं. "साडेसहाला गाडीने मेट्रोपार्क स्टेशन सोडलं असेल. मी काढलंय टाइमटेबलवरून."

"काका, तुम्हाला कसं कळणार होतं?"

"तेच म्हणतो ना मी. दोन वर्षं तेच म्हणतोय. त्या बर्फात सव्वासातची सुटलीच नसणार. ती रद्द झाली असणार. म्हणजे माझं गणित बरोबर होतं. मी चौकशी केली नाही, पण झालीच असेल." त्यांनी बोटाने दगडावरची शेवाळाची ठिपकी खरवडली. "आज इथे बसल्यावर लक्षात आलं. समज, झाली असती रद्द. मी अडकलो असतो. पण कुठे अडकलो असतो गं, वर्षा? तिच्याच खोलीत ना?"

चाळीस वर्षं पूल बांधलेला माणूस मला हा प्रश्न विचारत होता. मी त्यांना दशमी दिली. त्यांनी ती हातात धरून ठेवली.

चारच्या सुमारास आम्ही धक्क्याकडे निघालो. काका पहिल्यांदाच सावकाश चालत होते. धक्क्याजवळ एक छोटं दुकान होतं. तिथे त्यांनी एकच पोस्टकार्ड घेतलं, त्याच कड्याचं. "मॉरीनला पाठवू," म्हणाले. "तुझं इंग्रजी चांगलं आहे. तू लिही, मी सांगतो." मी पेन काढून बसले. त्यांनी हॉस्पिटलचा पत्ता तोंडपाठ सांगितला, अगदी मजल्यासकट. मी "डिअर मॉरीन" लिहिलं. मग ते समुद्राकडे बघायला लागले.

पाच वाजले. बोट नाही. पाच पाच. धक्क्यावर आमच्याशिवाय एक सायकलवाली बाई आणि तिचा कुत्रा. दुकानदार दार ओढून घ्यायला लागला होता. मी मनात राहण्याची सोय, हॉटेलला फोन, विलासला निरोप, असे क्रम लावत होते. पाच अकराला लाटांतून एक पांढरा ठिपका वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला.

"आली," काका म्हणाले.

आनंद नव्हता आवाजात. एखादी तारीख वाचून दाखवावी तसं. बोट धक्क्याला लागेपर्यंत ते उभे राहिले आणि मग, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाले, "येते म्हणजे."

बोटीत चढताना त्यांनी माझा हात धरला. किनाऱ्यावर विलास, मीरा, देशमुख, वहिनी चौघे वाऱ्यात उभे होते. देशमुख ओरडले, "काका, शेवटचीने आलात की हो!" काकांनी हात वर केला. मी यादीवर खूण केली : सहा.

त्याला आता तीन वर्षं होतील. काका अजून गाडी बाहेर तोंड करूनच लावतात. पण डबा आता कप्प्यात नसतो. गेल्या दिवाळीच्या नाटकाला ते आमच्या शेजारी तिसऱ्या अंकाच्या शेवटापर्यंत बसले. पडदा पडला, दिवे लागले, लोक उठले, खुर्च्या आपटल्या. काका बसूनच होते. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे जरासे कलून म्हणाले, "धाकट्या भावाने घर परत केलं." मी ऐकलं नाही असं दाखवून पर्स शोधत राहिले.

पोस्टकार्ड माझ्याकडे आहे. आयर्लंडचं तिकीट इथे चालत नाही म्हणून अमेरिकन लावलं. मग दर वाढला तेव्हा वर आणखी एक लावलं. मी अधूनमधून विचारते, "काका, काय लिहायचं?" ते म्हणतात, "एकच विचारायचंय तिला. वाक्य जुळवतोय." ते एक काय, हे मला माहीत आहे. काका निघाल्यापासून साडेसहापर्यंत मालती जागी झाली का, आणि झाली असेल तर कुणाला शोधत होती. पण मी ते त्यांच्या वतीने लिहू शकत नाही.

मागच्या आठवड्यात मी हॉस्पिटलला फोन केला. मॉरीन या महिनाअखेरीस निवृत्त होते आहे. काकांना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "अजून अकरा दिवस आहेत."

आज त्यातले चार उरले. फ्रिजवरच्या यादीत बाकीच्या सगळ्या ओळी खोडून झाल्यात. एक राहिली आहे : पोस्टकार्ड. पत्ता लिहिला, तिकीट लावलं. मजकूर बाकी.