मामाचं बदक

जवळा बाजार या गावात विश्वंभरचं पाईपचं दुकान होतं. त्यामुळे पीव्हीसी म्हणजे आपल्या घरचाच विषय, असं त्याला वाटे. (पाईप कडक असतो आणि खेळणं मऊ, एवढा फरक सोडला तर वाटायला हरकत नव्हती.) लेकीच्या, सृष्टीच्या, उष्टावणाच्या आदल्या दिवशी त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. प्लास्टिक मऊ करायला त्यात थॅलेट नावाची रसायनं घालतात, ती लेकरांच्या पोटात जाऊ नयेत म्हणून सरकारने खेळण्यांना मर्यादा घातली आहे, आयएसआयचा शिक्का पाहूनच खेळणं घ्या, वगैरे. विश्वंभरने तिथल्या तिथे ठरवलं, आता घरात डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायचा.

दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. साखऱ्याहून सासू मंजुळाबाई आणि मेहुणा स्वप्निल आले. भाचीला पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून आजचा मान स्वप्निलचा. त्याने सतरंजीवर खेळणाऱ्या सृष्टीच्या हातात पिवळं बदक दिलं. तिने ते थेट तोंडात घातलं. विश्वंभर पहाऱ्यासाठी जवळ वाकला आणि त्याच्या नाकाला प्लास्टिकचा उग्र वास झोंबला.

“काढा ते तोंडातून! थॅलेट हाये त्याच्यात!”

त्याने बदक हिसकावलं आणि अंगणात भिरकावलं. सृष्टीने भोकाड पसरलं.

“दाजी, हिंगोलीतून चांगलं बघून आणलं व्हतं,” स्वप्निल म्हणाला.

“बघून काय कळतंय? स्वस्तात मिळालं म्हणून उचललं आसशील!”

स्वप्निलने बदकाचा खोका पुढे केला. त्यावर आयएसआयचा शिक्का ठळक होता. विश्वंभरने खोका उलटासुलटा करून पाहिला. (शिक्का काही पुसला गेला नाही.)

“मंग वास कशाचा येऊन राहिला?”

मंजुळाबाईंनी नातीला उचललं, तिच्याखाली सतरंजीवर अंथरलेली फुलाफुलांची मऊ प्लास्टिकची शीट नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. “ह्याचा. हे कुणी आणलं गं, पुनम?”

पुनमने नवऱ्याकडे पाहिलं. ती शीट त्यानेच आठवडी बाजारातून घासाघीस करून आणली होती. लेक दिवसभर तिच्यावर लोळायची, तिची कड चघळायची. धरणी पोटात घेईल तर बरं, असं विश्वंभरला झालं. मेहुण्यापुढची लाज होतीच. पण लेकीच्या अंगाखाली ते आपणच अंथरलं, ही लाज जास्त जाळत होती.

मान वर केली तर स्वप्निल दिसेना.

“फाट्याकडं गेला,” कुणीतरी म्हणालं.

साखऱ्याची गाडी फाट्यावरूनच मिळायची. पुनमचा चेहरा उतरला. मामाच नाही तर घास कोण भरवणार? जावयाने रुसायचं आणि मेहुण्याने मनधरणी करायची, ही जगाची रीत. इथे जावईच अनवाणी धावत सुटला.

फाट्यावर त्याने स्वप्निलला गाठलं आणि भर रस्त्यात सरळ त्याचे पाय धरले. टपरीवरची माणसं चहा हातात घेऊन उठून उभी राहिली.

“चुकलं रे माझं! चार शिव्या दे, पण उपाशी जाऊ नको. लेकराला घास तूच भरव!”

“दाजी, उठा आधी, लोक बघून राहिले! कोण चाललंय साखऱ्याला? सृष्टीखाली टाकायला सुती चादर आणायला निघालो मी. आईनं पाठवलं.”

विश्वंभर उठला, गुडघे झटकले. “मंग मला काहून न्हाई सांगितलं? मी आलो असतो ना सोबत.”

स्वप्निल कानकोंडा झाला.

“आईच म्हणली, गुपचूप जा. दाजीला कळलं तर निवडायला तेच येतील.”