बिनपावडरीची खरेदी

आंघोळ झाल्यावर श्यामलाबाईंनी पावडरीचा डबा कपाटात मागे ढकलला. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. 'मॅमोग्राफीच्या दिवशी पावडर, डिओ काही लावू नकोस, फोटोत ठिपके दिसतात. आणि साडी नको, वरचा कपडा पटकन काढता येईल असं काहीतरी घाल,' असा लेकीचा, सृष्टीचा, खराडीच्या ऑफिसातून मेसेज आला होता. म्हणून आज पंजाबी ड्रेस.

डॉक्टर त्यांना स्तनांची ही तपासणी करून घ्यायला चाळिशीपासून सांगत होत्या आणि चाळिशीपासून श्यामलाबाईंना सवड नव्हती. सृष्टीची बारावी, सासूबाईंचा मोतीबिंदू, गणपती, घराचा रंग. सवड कसली, भीती होती. आता त्या त्रेपन्नाच्या झाल्या होत्या. 'या वेळी गेली नाहीस तर बाबांना सांगेन,' असं सृष्टीने बजावलं होतं, आणि ही धमकी साधी नव्हती. सृष्टीच्या बाबांनी, यज्ञेश्वरांनी, स्वतःच्या हर्नियाची बातमी टाक्यांच्या फोटोसह सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. बायकोच्या तपासणीसाठी त्यांनी नोटीसबोर्डही सोडला नसता.

"कुठे निघालीस?" त्यांनी पेपरातून विचारलं.

"साड्यांचं प्रदर्शन आहे. बुधवार पेठेत."

फाटकापाशी पद्मजा आणि शैला या दोघी शेजारणी भाजी घेऊन येत होत्या. तेच उत्तर त्यांनाही द्यावं लागलं.

"बुधवार पेठेत साड्या?" पद्मजाने भुवया उंचावल्या. "तिथे तर पंखे मिळतात."

"म्हणूनच स्वस्त आहेत," श्यामलाबाई म्हणाल्या. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"आणि साडी घ्यायला ड्रेस घालून?" शैलाने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "थांब, आम्हीही येतो."

"अगं, निमंत्रितांसाठीच आहे!"

"मग आम्हाला तू निमंत्रण दे," असं म्हणून पद्मजाने भाजीची पिशवी वॉचमनच्या हवाली केली आणि रिक्षा थांबवलीसुद्धा.

रिक्षात श्यामलाबाईंवर प्रश्नांची सरबत्ती झाली. काठ कसे आहेत? पोत कसा आहे? ट्रायल देतात का? शेवटी रिक्षावाला चेतनच मागे वळला. "काकू, बायकोसाठी मी पण बघतो एखादी. अॅनिव्हर्सरी आहे."

"साड्या संपल्या असतील," श्यामलाबाई कळवळून म्हणाल्या.

"अहो, अकरा तर वाजतायत!"

चेतनने रिक्षा कडेला लावली आणि तोही मागोमाग आला. जिन्यात श्यामलाबाई थबकल्या. "मला वाटतं, आज बंदच असेल. आपण परत जाऊ या." पण पद्मजाने त्यांचं कोपर घट्ट धरलं होतं. वर दाराशी कसलाही फलक वाचण्याआधीच रिसेप्शनवरची शेफाली हसून उठली.

"पद्मजाकाकू! तुमची तपासणी पुढच्या वर्षी आहे ना? आणि शैलाकाकू, तुमचे चेक्सचे पडदे मिळाले का?"

शैला लाजली. "मी घरी पडद्यांचं प्रदर्शन म्हणून सांगितलं होतं."

श्यामलाबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. "म्हणजे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"बाई गं, तू पावडर न लावता फाटकाबाहेर पडलीस! तेव्हाच कळलं," पद्मजा म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "पहिल्या वेळी मी एकटी आले होते. या जिन्यातून दोनदा परत फिरले. तुला एकटीला सोडायचं नव्हतं."

श्यामलाबाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात चेतनने विचारलं, "मग साड्या कुठायत?" शेफालीने त्याला बसवलं, बायकोचं वय विचारलं, सव्वीस ऐकून म्हणाली, "त्यांना एवढ्यात या मशीनची गरज नाही. पण गाठ, स्राव, काही वेगळं जाणवलं तर वय न बघता डॉक्टरांकडे न्यायचं." त्याने मान डोलावली आणि माहितीपत्रक घडी करून खिशात ठेवलं.

आत प्रत्येक बाजूचे दोन फोटो झाले. मशीनच्या दोन प्लेटांमध्ये काही सेकंद चांगलाच दाब बसला. "कणीकसुद्धा मी एवढी तिंबत नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. टेक्निशियन बाई हसल्या, श्वास रोखा म्हणाल्या, आणि तेरा वर्षं टाळलेलं काम वीस मिनिटांत आटोपलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला, काळजीचं काही नव्हतं. पुढची तपासणी कधी, ते डॉक्टर सांगणार होत्या. श्यामलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि फोन उघडला, तर ग्रुपवर यज्ञेश्वरांचा संदेश झळकत होता: 'बुधवार पेठेत साड्यांचे उत्तम प्रदर्शन. सौ. तिथून फार प्रसन्न होऊन आल्या. इच्छुक भगिनींनी त्यांच्याशी संपर्क साधावा.' खाली एकोणीस अंगठे होते.

दारावरची बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरची रुपाली पर्स घेऊनच उभी होती. "काकू, मलाही न्याल का प्रदर्शनाला?"

श्यामलाबाईंनी एकदा पेपरात बुडालेल्या नवऱ्याकडे पाहिलं, एकदा रुपालीकडे.

"चाळिशी झाली का गं तुझी?"

"मागच्याच महिन्यात. का हो?"

"मग शनिवारी जाऊ. आधी तुझ्या डॉक्टरांशी बोलून घे," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि हे बघ, येताना पावडर लावू नकोस."