दोरीवरच्या अर्ध्या बातम्या

मिस्टर तुस्कानोंना तुम्ही "लिफ्ट बंद आहे" असं सांगितलंत म्हणून त्यांच्या लेखी लिफ्ट बंद होत नसे. दारावर पुठ्ठ्याची पाटी लटकत असली तरी नाही. ते पाटी नीट वाचत, मान डोलावत आणि तळमजल्यावरच्या वॉचमनकडे जाऊन विचारत, "लिफ्ट को क्या हुआ?" वॉचमन हात उडवून तिथल्या अरबी-हिंदीत म्हणे, "लिफ्ट मफी, साहब," म्हणजे नाही. मग तुस्कानो समाधानाने वळत. "पाटी ही एक बाजू झाली. वॉचमन ही दुसरी. आता लिफ्ट बंद आहे." एवढं म्हणून ते जिना चढायला लागत, तोवर मी वर पोचून पंखा लावलेला असे.

ही ऐंशीच्या दशकातली, बहरीनमधली गोष्ट. माझे वडील सित्र्याच्या रिफायनरीत फिटर होते आणि मी पुण्यात आंतरराष्ट्रीय संबंध घेऊन एम. ए. करत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठेतरी संशोधनाचं काम करून त्यावर अहवाल द्या, असं विद्यापीठाने सांगितलं होतं. माझ्या मैत्रिणी दिल्लीला गेल्या. माझं तिकीट बहरीनचं, कारण आईवडील तिथे. बाबांनी मासळीबाजारातल्या ओळखीवर माझी सोय लावली. "वसईचा माणूस आहे. कुठल्याशा अभ्यास केंद्रात परराष्ट्र धोरणाचं बघतो," बाबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "तसा चांगला आहे. फक्त मासा ताजा आहे का, ते शेजारच्या मासेवाल्याला विचारतो."

हे केंद्र म्हणजे राजधानी मनाम्यात, त्या लिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या; खाली कापडाचं दुकान. संचालक बहुतेक वेळ परदेशी असत, त्यामुळे तिथे राज्य तुस्कानोंचं. परराष्ट्र धोरण म्हणजे करार, शिखर परिषदा, लांबलचक टेबलं असं काहीतरी मी डोक्यात घेऊन गेले होते. पहिल्या दिवशी हातात आली कात्री आणि डिंकाची बाटली.

तेव्हा इराण-इराकचं युद्ध चालू होतं आणि त्याची झळ समुद्रात तेलाच्या जहाजांना लागत होती. दोन्हीकडची वर्तमानपत्रं आणि रेडिओवरच्या बातम्यांची टिपणं आमच्याकडे येत. मी कात्रणं कापायची. कागदाच्या डाव्या अंगाला एका बाजूने काय म्हटलं ते चिकटवायचं, उजव्या अंगाला दुसरीने काय म्हटलं ते. दोन्ही अंगं भरली की कागद फायलीत. एकच भरलं तर ती अर्धी बातमी. अर्ध्या बातमीला फायलीत जागा नव्हती. तुस्कानोंनी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी बांधली होती, आणि अर्ध्या बातम्या त्यांचं दुसरं अंग येईपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी तिच्यावर लटकत. एअरकंडिशनर लागला की सगळी दोरी फडफडायची. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला ते एखाद्या बायकापोरं असलेल्या घरासारखं वाटे.

माणूस ऑफिसात एक आणि घरी दुसरा. ऑफिसात मी त्यांना चुकून "अंकल" म्हटलं तर ते कात्री खाली ठेवत. "इथे मिस्टर तुस्कानो. आणि तुम्ही मिस सावंत." घरी मात्र मी "बाय". समोरच्या समुद्राला दोन देश दोन नावांनी हाक मारत आणि त्या नावांवरूनही भांडत, म्हणून तुस्कानो फक्त "हे पाणी" म्हणत. "आपण पाहुणे आहोत, मिस सावंत. पाहुण्याने यजमानाच्या भावकीत पडू नये."

एकदा मी वैतागून म्हटलं, "दोन पेपरांत आलंय की जहाजाला आग लागली. अजून किती बाजू पाहिजेत?"

त्यांनी दोन्ही कात्रणं खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर चढवला. "शब्द बघा. दोघांनी एकाच ठिकाणाहून उचललंय. एकाचंच म्हणणं दोनदा छापलं म्हणून त्याच्या दोन बाजू होत नाहीत." आणि चिमटा माझ्या हातात दिला. मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा. मला युद्धाची कारणमीमांसा करायची होती आणि मी धोब्याचं काम करत होते.

दोरीच्या अगदी टोकाला, भिंतीच्या खिळ्याजवळ, एक कात्रण पिवळं पडून गोळा झालं होतं. त्याच्याआधीचे आणि नंतरचे सगळे कागद कधीच फायलीत गेले होते. "हे काढू का? फार जुनं झालंय," मी विचारलं.

"दुसरी बाजू यायची आहे," ते म्हणाले आणि मला चहा सांगायला पाठवलं.

ते कात्रण एका जहाजाचं होतं, आणि त्या जहाजाची गोष्ट मला रोझीआँटींनी सांगितली. या तुस्कानोंच्या बायको, सलमानियाच्या हॉस्पिटलात नर्स. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला असे. एका शुक्रवारी अंकल चर्चहून यायचे होते आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बसलो होतो. मी गंमत म्हणून लिफ्टचा किस्सा सांगितला. त्या हसल्या नाहीत.

"आधी असा नव्हता गं तो," त्या म्हणाल्या. "आमचा पोरगा विल्फी त्या टोकाच्या कात्रणातल्या जहाजावर होता. इंजीनरूममध्ये. गेल्या वर्षी जहाज पेटलं. एका रेडिओने सांगितलं आम्ही मारलं, दुसरे आजपर्यंत गप्प. कंपनीने नुसतं 'बेपत्ता' म्हणून कळवलं. मग भाजलेले खलाशी आमच्याच वॉर्डात आले. त्यांच्यात एक केरळचा पोरगा होता, विल्फीच्या बरोबरचा. तो बोलला, विल्फ्रेड खाली होता, वर आलाच नाही. मी घरी येऊन याला सांगितलं. तर हा काय म्हणाला माहिती आहे? एकाने सांगितलं. दुसरा कोण आहे?"

कोळंबीचं पातेलं त्यांनी नळाखाली धरलं. "वसईला चर्चात मिस्सा ठेवायची आहे, गेलेल्या पोराच्या नावाने प्रार्थना. घरचे सगळे विचारतात. हा हो म्हणत नाही. लिव्ह घेत नाही. मी एकटी कशी जाऊ? बापाशिवाय पोराची मिस्सा होते का?"

मी कोळंबी सोलत राहिले. अंकल आले, जेवले, आमटीत मीठ बरोबर आहे का हे त्यांनी आधी आँटींना आणि मग मला विचारलं. त्या दिवसापासून मला त्यांच्या त्या प्रश्नांचं हसू येईना. शनिवारी ऑफिसात मी ते टोकाचं कात्रण वाचलं. जहाजाचं नाव आणि ते मारल्याचा एका बाजूचा दावा, यापलीकडे त्यात काही नव्हतं. त्याचा चिमटा तेवढा मी नवा लावला, जुना गंजून कागदाला डाग पाडत होता. तुस्कानोंनी ते पाहिलं.

सुट्टी संपत आली. माझा अहवाल टाइप होत होता. शेवटच्या भागात कामाची पद्धत लिहायची होती: बातमी कशी पारखायची, खरी कधी धरायची. सगळं लिहून झालं, पण एका वाक्याशी मी अडले आणि ते तसंच सोडून दिलं. तुस्कानोंची नजर नेमकी तिथेच गेली.

"मिस सावंत, हे वाक्य अर्धं आहे. 'दुसरी बाजू बोलतच नसेल तर.' तर काय?"

"तेच मला कळत नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. किती थांबायचं?"

मी त्यांना टोमणा मारत नव्हते. मला खरंच त्यांच्याकडून ऐकायचं होतं. पेन्सिल कानामागे खोचून ते म्हणाले, "बघतो," आणि तो कागद त्यांनी आपल्याकडे ठेवून घेतला.

शेवटच्या शुक्रवारी रोझीआँटींनी माझ्यासाठी सुरमई केली होती. जेवताना त्या माझ्याकडे मान करून सहज बोलावं तसं बोलल्या, "नीला परवा चालली. तिच्याबरोबर वसईला निरोप धाडू का? वर्ष होतंय. फादर विचारतायत, मिस्सा ठेवायची की नाही."

अंकलनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता ते नेहमीचं येणार. आलंही. "एक बाजू झाली," ते म्हणाले. पण नेहमीसारखं ताठ नाही. आणि नेहमीचं 'दुसरा कोण?' त्यांनी विचारलं नाही. आँटी त्यांच्याकडे बघत होत्या. रागाने नाही, वॉर्डात पेशंटचं औषध पोटात जाईपर्यंत नर्स उभी राहते तशा.

"रोझी," ते म्हणाले, "तो पोरगा काय बोलला ते परत सांग. पहिल्यापासून."

आँटींनी सांगितलं. अंकलनी मध्ये एकदाही तोडलं नाही. विल्फीने त्या दिवशी कुठला शर्ट घातला होता तेही त्या पोराने सांगितलं होतं, आणि अंकल ते पहिल्यांदाच ऐकत होते. वर्षभर त्यांनी आँटींना पहिल्या वाक्यापुढे जाऊच दिलं नव्हतं.

"म्हणजे तू एक बाजू," ते म्हणाले. "तू आई. तू कधीचीच बोललीस." मग ताटाकडे बघत म्हणाले, "दुसरी बाजू मीच होतो गं. मीच बोलत नव्हतो."

आँटींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. अंकल रडले. मी मोठ्या माणसाला असं समोर बसून रडताना तोवर पाहिलं नव्हतं. उठून जावं की बसावं ते मला कळलं नाही, म्हणून मी बसून राहिले आणि मीही रडले.

शनिवार माझा शेवटचा दिवस. मी गेले तेव्हा तुस्कानो स्टुलावर चढून टोकाचा चिमटा काढत होते. ते कात्रण त्यांनी कागदाच्या डाव्या अंगाला चिकटवलं, उजवं कोरं ठेवलं आणि कागद फायलीत लावला. माझ्या अहवालातलं ते वाक्य त्यांनी पेन्सिलीने पुरं केलं होतं: तर आपण ऐकलेलं मान्य करावं, आणि दुसरी बाजू बोलली नाही हेही लिहावं. मी ते तसंच टाइप केलं. पुण्यात सरांनी त्याखाली लाल रेघ मारली, पण मी बदललं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं बरोबरच निघालो. त्यांना लिव्हसाठी अर्ज द्यायला पलीकडच्या इमारतीत जायचं होतं. मी चपला अडकवून पुढे झाले, लिफ्टचं बटण दाबलं, थांबले आणि परत आले.

"काय झालं, बाय?" त्यांनी कुलूप लावत विचारलं.

"लिफ्ट बंद आहे, अंकल."

"बरं," ते म्हणाले, आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.

खाली वॉचमन स्टुलावर बसला होता. तुस्कानोंना बघून तो सवयीने उठला. त्याने सांगण्यासाठी हातही वर केला होता. तुस्कानोंनी त्याला सलाम केला आणि काही न विचारता ते उन्हात बाहेर पडले.