मंडईतला मुर्दा

साहेब, दुलीचंदच्या हातात तुम्ही दम्याचे दोन पंप ठेवलेत, "दम लागला की निळा ओढ" एवढंच म्हणालात आणि पुढच्या पेशंटला हाक मारलीत. तपकिरी पंप रोज घ्यायचा असतो, हे सांगायला तुमची जीभ झिजली असती? हट्टा गावच्या मंडईच्या जत्रेत पुढे जे झालं, ते तुमचं पाप आहे. आता ऐका.

दुलीचंद राइस मिलमध्ये, कोंड्याच्या धुळीत काम करायचा. निळा पंप ओढला की छाती लगेच मोकळी व्हायची. तपकिरीनं तसं काहीच व्हायचं नाही, म्हणून तो पंप देवाच्या फोटोमागे गेला. निळा मात्र तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पुडीसारखा कायम खिशात. कामाला जाताना, जेवायला बसताना, बायकोशी भांडायच्या आधीसुद्धा एक दम.

"किती ओढता जी?" शेवंताबाई विचारायची.

"दवाईच तं हाय. दारू हाय का?"

दिवाळीनंतर मंडई भरली, भरदुपारी दंडार उभी राहिली. गावच्या या नाटकात दुलीचंद दरवर्षी मालगुजार, म्हणजे जमीनदार, व्हायचा. सुरुवातीलाच त्याचा खून व्हायचा आणि विधवेचा विलाप संपेपर्यंत त्याने मरून पडायचं. त्याच्याइतकं झकास मरणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. पण यंदा मळणीची धूळ उठली होती आणि त्याचा दम थांबत नव्हता. पडद्यामागे तो पंपावर पंप मारू लागला.

"अबे, बस कर ना!" विधवेची साडी सावरत प्रेमलाल म्हणाला.

"मुर्दा खोकलला तं इज्जत जाईन माही."

मुर्दा खोकलला नाही. मुर्दा थरथरला. दवाई जास्त झाली होती. हात कापत होते, काळीज असं धडधडत होतं की छातीवरचा झेंडूचा हार उड्या मारू लागला.

"अरे, मुर्दा हिल रहा है!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

प्रेमलालने स्वतःला त्याच्या अंगावर झोकून दिलं. "हालू नको बे!"

"मी कुठं हालून राह्यलो? हात आपोआपच हालते!"

"अहो धनी," प्रेमलालने गळा काढला, "तुमचा जीव कोणात अटकला जी?"

शिट्ट्या पडल्या. साहेब, तुम्ही पाहुण्यांच्या सोफ्यावर होतात. हसून हसून तुम्हाला चष्मा काढावा लागला.

मग हात थकून पडले. हार थांबला. दुलीचंद निपचित झाला.

"आता बराबर मेला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्यात.

स्टेजला खेटून बसलेल्या शेवंताबाईने वाजवल्या नाहीत. तिला दिसलं, नवऱ्याच्या गळ्याची खळी आत ओढली जात होती, ओठ निळे पडत होते. ती स्टेजवर चढली.

"उठा जी! आयकून राह्यले का?"

"वहिनी, विधवा मी हावो!" प्रेमलाल कुजबुजला.

एका मुर्द्याला दोन विधवा! मंडई लोटपोट. शेवंताबाईने नवऱ्याच्या खिशातून पंप काढून त्याच्या तोंडात दाबला. रिकामा. चार दिवसांपूर्वी आणलेला नवा पंप रिकामा. तिने प्रेमलालचा पदर ओढला आणि अशी किंचाळली की सारं मैदान गप्प झालं.

बालाघाटच्या दवाखान्यात नेईपर्यंत प्रेमलाल साडीतच होता, आणि आता खरोखर रडत होता. ऑक्सिजन लागला, सुया टोचल्या, तोंडाला वाफेचं मशीन लावलं. दुलीचंद वाचला. थोडक्यात वाचला.

"निळा पंप श्वासाची वाट थोडा वेळ उघडतो," तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली. "आतली सूज तशीच वाढत राहते. ती तपकिरीने उतरते. निळा वारंवार लागतोय, याचाच अर्थ आजार हाताबाहेर चाललाय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही वॉर्डात आलात, दंडार मंडळाची शाल घेऊन. उत्कृष्ट अभिनयासाठी!

"शाल राहू द्या जी," शेवंताबाई म्हणाली. "निळा पंप मांगाले हे येत गेले, तुमी देत गेले. एवढा काहून लागून राह्यला, एकडाव तरी इचारलं का?"

तुम्ही शालीची घडी घालू लागलात.

साहेब, बाई अजून उभी आहे. बोला.